उतारासाठी बांधलेलं स्टेशन

मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाताना कर्जतला वडापाव खाल्ला नाही असा माणूस विरळा. गाडी थांबते, फलाटावर धांदल उडते, खिडकीच्या गजांतून पैसे बाहेर जातात, कागदात गुंडाळलेले गरम वडे आत येतात आणि थोड्याच वेळात गाडी हलते. पण लांब पल्ल्याच्या एवढ्या गाड्या कर्जतला इतक्या निष्ठेने थांबत आल्या त्या कशासाठी? चढणारे-उतरणारे तर मोजकेच. खरं काम चालायचं गाडीच्या शेपटाकडे. तिथे मागून जादा इंजिनं जोडली जात, कारण पुढे बोरघाटाचा चढ उभा असे. वडेवाल्यांचा धंदा, प्रवाशांची सवय, कर्जतचं घरोघरी पोहोचलेलं नाव, हे सगळं त्या चढाचं देणं.

माणसांच्या सोयीसाठी स्टेशन बांधतात अशी आपली समजूत असते. घाटातलं स्टेशन मात्र आधी उताराच्या सोयीने बांधलं जातं. माणसं मागाहून येतात, कधी येतही नाहीत. हे सूत्र शहर, गर्दी आणि वडा वजा करून निव्वळ स्वरूपात पाहायचं असेल, तर कॅसलरॉकला जावं.

कॅसलरॉक हे कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातलं, जोयडा तालुक्यातलं छोटंसं गाव. सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर, गोव्याच्या हद्दीला खेटून वसलेलं. एका बाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, तर घाट उतरला की भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढामार्गे वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेस याच स्टेशनातून घाटात शिरते. रेल्वेवेड्या माणसाने मात्र इथे मुद्दाम उतरावं. स्टेशनाबाहेर मराठी, कोकणी, कानडी अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. हवा ओली, झाडी दाट, आणि बाजारपेठ म्हणावी असं काही नाही. गावाच्या मानाने स्टेशनाचा पसारा मात्र भलताच मोठा. रुळांच्या इतक्या जोड्या, बाजूला धडधडत उभी असलेली इंजिनं, ये-जा करणारे लोको पायलट. एवढं सगळं कुणासाठी, हा प्रश्न फलाटावर पाय ठेवताच पडतो.

उत्तराचा पहिला धागा स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर सापडतो. नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची जुनी पद्धत आहे. आपण ती वाचून सोडून देतो. पण कॅसलरॉकची उंची मनात ठेवून घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्टेशनाची उंची पाहिली, तर कळतं की मधल्या २६ किलोमीटरांत रेल्वे अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त खाली उतरते. या वाटेला ब्रागांझा घाट म्हणतात. डझनावर बोगदे, दरीच्या कडेने सतत वळणं, आणि मध्येच चक्क दूधसागर धबधब्याच्या तोंडासमोरून जाणारा दगडी पूल. या वाटेचा सर्वांत तीव्र चढ आहे ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. बोरघाटात तोच आकडा, कसारा-इगतपुरीच्या थळघाटातही तोच.

३७ला १ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. एवढ्या चढाच्या रस्त्यावर आपली मोटार गिअरसुद्धा न बदलता निघून जाईल. रेल्वेचं दुखणं वेगळं आहे, आणि ते तिच्या सर्वांत मोठ्या गुणातूनच आलेलं आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं तेव्हा दोघांचा स्पर्श होतो तो जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेत. त्यामुळे घर्षण अतिशय कमी. सपाट मार्गावर एक टन वजन हळू वेगाने ओढत न्यायला सुमारे दोन किलोची ओढ पुरते. हजार टनांची, म्हणजे वीसेक डब्यांची भरलेली गाडी दोन टनांच्या ओढीत चालत राहते. जमिनीवरून एवढं वजन इतक्या स्वस्तात नेणारं दुसरं साधन शोधून सापडायचं नाही.

आता तीच गाडी ३७ला १च्या चढावर घाला. प्रत्येक टनामागे त्या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे २७ किलो, तिला मागे खेचू लागतो. दोनाचे एकदम एकोणतीस झाले! हजार टनांच्या गाडीला आता २९ टनांची ओढ हवी, म्हणजे सपाटीच्या चौदा पटींहून जास्त. रूळ तितकाच गुळगुळीत, गाडी तीच, डबे तेच. डोळ्यांना नीटसा दिसतही नाही एवढ्या चढाने सगळा हिशेब पालटून टाकलेला असतो.

मग जास्त ताकदीचं इंजिन का जोडू नये? कारण अडचण ताकदीची नसून पकडीची असते. सव्वाशे टनांच्या आसपास वजनाचं इंजिन कोरड्या रुळावर स्वतःच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी ओढ भरवशाने लावू शकतं. त्यापुढे रेटलं, तर चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागतात. म्हणजे तीस टनांच्या आसपास मर्यादा आली, आणि त्यातून इंजिनाला स्वतःचं वजनही वर न्यायचं आहे. पाऊस पडला, ओला पाला रुळावर चिकटला, की ही पकड आणखी ढिली होते. म्हणून इंजिनाच्या चाकांपुढे वाळूची नळी असते. चालकाने बटण दाबलं की बारीक कोरडी वाळू चाकाखाली पडते आणि घसरतं चाक पुन्हा रूळ धरतं. हल्लीची इंजिनं चाक घसरायच्या बेतात आहे हे स्वतःच ओळखून जोर बारीक बारीक कमी-जास्त करतात आणि पकडीचा शेवटचा थेंबही पिळून काढतात. तरी वाळूची पेटी काही सुटलेली नाही. एवढ्या प्रगत यंत्राला अजून मूठभर वाळू लागते, हे मला त्या यंत्राइतकंच थक्क करणारं वाटतं.

घाट बांधणाऱ्यांनी चढाचा हा हिशेब किती बारकाईने ठेवला होता ते वळणांवर दिसतं. वळणावर चाकांच्या कडा रुळाला घासतात, म्हणजे विरोध वाढतो. चढ तेवढाच ठेवला तर प्रत्येक वळण हा छुपा जादा चढ ठरेल. म्हणून जिथे वळण तीव्र, तिथे चढ मुद्दाम किंचित सौम्य करतात. इंजिनाला वळण आणि सरळ मार्ग दोन्ही सारखेच जड जावेत, असा तो मेळ. वळणांच्या घाटात सरळ चढ असा फारसा नसतोच. उतार आणि वळण एकमेकांशी सतत तडजोड करत वर जात असतात.

पकड वाढवायची तर रुळावर टेकलेलं इंजिनाचं वजन वाढवायला हवं, म्हणजेच इंजिनं वाढवायला हवीत. ही जादा इंजिनं म्हणजे बँकर. घाट चढायच्या आधी, कुळ्याला, ती गाडीच्या मागे लागतात आणि कॅसलरॉकला सुटतात. मुरगाव बंदरातून बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना कोळसा नेणाऱ्या मालगाड्या या घाटातून वर येतात तेव्हा पुढे दोन आणि मागे तीन अशी पाच-पाच इंजिनं लागलेली दिसतात. त्यांचा घरघराट गाडी दिसायच्या कितीतरी आधी दरीतून वर येऊ लागतो, बोगद्यात शिरला की दबतो, बाहेर पडला की अंगावर येतो. कॅसलरॉकच्या फलाटावर उभं राहून नुसत्या कानांनी गाडी कुठे पोहोचली ते सांगता येतं.

सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत, हे कोडं सोडवताना मजा येते. दोन डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगलाही ताण सोसायची मर्यादा असते. चढावर सगळ्या गाडीचा भार पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येतो. पुढून पाच इंजिनांनी ओढलं तर इंजिनं हरायच्या आत कपलिंग तुटेल. मागून रेटलं की भार वाटला जातो. पुढचे डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात, आणि मध्ये कुठेतरी एक जागा अशी असते जिथे ना ओढ ना रेटा. ही जागा वळणावळणाला पुढे-मागे सरकत राहते. शिवाय एखादं कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे घाटात मागे पळायला मोकळे नसतात. खाली बँकर पाय रोवून उभे असतात.

पण घाटातली खरी परीक्षा चढायची नव्हे, उतरायची. चढताना काही बिघडलं तर गाडी थांबते. उतरताना बिघडलं तर ती थांबत नाही, हीच भीती. हजार टनांची गाडी पाचशे मीटर उंचीवर उभी असते तेव्हा तिच्यात साठलेली ऊर्जा विजेच्या हिशेबात सुमारे १,३६० युनिट भरते. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराची ही नऊ महिन्यांची वीज. ती सगळी तासा-दीड तासात, पायथ्याला पोहोचेपर्यंत, कुठेतरी जिरवावी लागते. जिरवली नाही तर? ३७ला १च्या उतारावर ब्रेकविना सुटलेली गाडी पहिल्याच किलोमीटरअखेर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग घेईल, दुसऱ्या किलोमीटरला ११०च्या पुढे जाईल. आणि पुढे तर वळणं आहेत.

नुसते ब्रेक दाबून धरले तर ही सगळी ऊर्जा चाकांत उष्णता होऊन उतरेल आणि ती तापून निकामी होतील. म्हणून इंजिनाच्या मोटारी उलट्या कामाला लावतात. चढताना ज्या मोटारींनी वीज घेऊन चाकं फिरवली, त्याच उतरताना चाकांकडून फिरवून घेऊन वीज तयार करतात, आणि तसं करताना चाकांना अडवून धरतात. डिझेल इंजिनात ही वीज छपराजवळच्या जाळ्यांमध्ये उष्णता होऊन हवेत सोडून दिली जाते. घाट उतरणाऱ्या इंजिनाच्या माथ्यावर पंख्यांचा घोंघाट ऐकू येतो तो याचाच. म्हणजे डोंगर चढताना जाळलेल्या डिझेलचा एक भाग उतरताना रानातली हवा गरम करण्यात जातो. विजेच्या इंजिनांना यापेक्षा चांगली युक्ती साधली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोरघाट आणि थळघाटासाठी आणलेली, कर्मचाऱ्यांनी ‘खेकडा’ असं नाव ठेवलेली इंजिनं उतरताना तयार झालेली वीज पुन्हा वरच्या तारेत सोडत. खाली जाणाऱ्या गाडीने वर येणाऱ्या गाडीला हातभार लावायचा, हा व्यवहार आपल्या सह्याद्रीत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सुरू होता.

एवढं करूनही ब्रेक साथ सोडतील, असं गृहीत धरून घाटाची रचना केलेली असते. गाडीच्या पोटातून शेवटच्या डब्यापर्यंत एक हवेची नळी जाते. तिच्यात दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात आणि दाब उतरला की लागतात. नळी फुटली, गाडी दुभंगली, तर ब्रेक आपोआप लागावेत म्हणून ही उलटी मांडणी. आणि तीही फसली तर कॅच साइडिंग.

घाटातल्या स्टेशनाच्या वरच्या अंगाला मुख्य मार्गातून एक फाटा फुटतो आणि थेट डोंगराच्या दिशेने, चढावर जातो. कुठेच न पोहोचणारा हा रूळ वाळूच्या ढिगात संपतो. नवख्याला ते अर्धवट सोडलेलं काम वाटेल. पण सांधे एरवी या फाट्याकडेच वळवलेले असतात, मुख्य मार्गाकडे नव्हे. उतरत येणाऱ्या गाडीने आधी ठरलेल्या जागी पूर्ण थांबून दाखवायचं. ती थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत आणि चालक सावध आहे, हे सिद्ध झालं. मगच सांधा वळतो आणि पुढची वाट उघडते. जी थांबू शकत नाही, ती आपोआप फाट्यावर जाते, चढावर वेग हरवते आणि वाळूत रुतते. डबे रुळावरून उतरतील, नुकसान होईल, पण खालच्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीवर ती आदळणार नाही. ८०ला १पेक्षा तीव्र उतार स्टेशनाकडे येत असेल तर असा फाटा हवाच, असा नियम आहे. आणि १००ला १पेक्षा तीव्र उतार स्टेशनापासून बाहेर जात असेल, तर फलाटावरचे डबे घरंगळून घाटात जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या प्रकारचा फाटा लागतो. त्याला स्लिप साइडिंग म्हणतात. एकाचं काम वरून येणाऱ्याला पकडायचं, दुसऱ्याचं काम इथल्याला निसटू न द्यायचं.

मला हा सगळा बंदोबस्त फार उमदा वाटतो. एरवीच्या जगात वाट मोकळी असते आणि धोका दिसला की अडवतात. घाटात वाट मुळातच बंद असते, आणि तुम्ही भरवशाचे आहात हे दाखवलंत तरच उघडते.

आता कॅसलरॉकच्या खालच्या स्टेशनांकडे पाहा: करंझोळ, दूधसागर, सोनावळी. नकाशावर ठसठशीत नावं, प्रत्यक्षात रानाच्या मध्यावर रूळ, सिग्नल आणि एखादी इमारत. गाव नाही, रस्ता नाही. मग ती आहेत तरी कशाला? घाट एकेरी मार्गाचा आहे. एका वेळी दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एकच गाडी असू शकते. कुळे ते कॅसलरॉक मध्ये एकही स्टेशन नसतं, तर ताशी तीसेक किलोमीटरने उतरणारी गाडी २६ किलोमीटरचा सगळा मार्ग तासभर अडवून बसली असती, आणि समोरची गाडी तेवढा वेळ खोळंबली असती. मध्ये तीन ठिकाणी जादा रूळ टाकले की टप्प्याचे चार तुकडे होतात. एक गाडी बाजूला उभी राहते, दुसरी निघून जाते. शिवाय उतरणाऱ्या गाडीला थांबून ब्रेक पारखायला जागा मिळते. प्रवाशासाठी ही स्टेशनं नाहीतच. इथे गाड्याच एकमेकींना भेटायला येतात.

पण मुळात एवढ्या अवघड जागी रेल्वे नेली कुणी? इथे उताराच्या जोडीला राजकारण येतं. पोर्तुगिजांकडे मुरगावसारखं सुंदर नैसर्गिक बंदर होतं, पण त्याच्या पाठीशी बाजारपेठ नव्हती. घाटमाथ्यावर ब्रिटिशांच्या ताब्यातला कापसाचा मुलूख होता, पण जवळचं बंदर नव्हतं. २६ डिसेंबर १८७८ रोजी दोन्ही सत्तांनी करार केला. गोव्याच्या मिठावरचा ताबा ब्रिटिशांना मिळाला आणि त्याबदल्यात ते पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये देऊ लागले. याच करारात बंदर आणि रेल्वे बांधायचं ठरलं. याच सुमारास, १८७६ ते १८७८च्या भीषण दुष्काळात, दक्षिणेत रेल्वे नसल्यामुळे धान्य पोहोचलं नाही आणि माणसं किती मेली, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यातून वरच्या बाजूने सदर्न मराठा रेल्वे उभी राहू लागली, खालून वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे वर सरकू लागली. पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याचं नाव मिळालेला हा घाट १८८०च्या दशकाच्या अखेरीस पुरा झाला आणि दोन साम्राज्यांचे मीटर गेज रूळ कॅसलरॉकला एकमेकांना भिडले.

म्हणजे या स्टेशनाची जागा दोन रेषांनी ठरवली, एक उताराची आणि एक सरहद्दीची. दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी आल्या. इथे इंजिनांची व्यवस्था बदलायची आणि सामानाची झडतीही व्हायची. वर कॅसलरॉकला भारताच्या बाजूचं जकात नाकं, खाली कुळ्याला पोर्तुगिजांचं. खुद्द करार फार टिकला नाही. १८९२मध्ये तो संपला आणि अपेक्षेइतका माल काही या वाटेने आला नाही. पण स्टेशन राहिलं, सरहद्द राहिली, झडती राहिली.

भारत स्वतंत्र झाला तरी या घाटाच्या पायथ्याला पोर्तुगाल उभंच होतं. १९५५मध्ये पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीच्या पुढाकाराने सत्याग्रहाची लाट उठली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी गोव्यात शिरले, आणि कॅसलरॉकचा रेल्वेमार्ग ही त्यातली एक वाट होती. पोर्तुगिजांनी त्या दिवशी केलेल्या गोळीबारात वीसहून जास्त सत्याग्रही मारले गेले. त्यानंतर भारताने गोव्याशी असलेला रेल्वेसंबंध तोडला. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत हे स्टेशन शेवटचं स्टेशन होऊन राहिलं. मुक्तीनंतर मुंबई-पुण्याकडच्या प्रवाशांसाठी मिरजेला गाडी बदलून मीटर गेजने घाट उतरायचा, हा गोव्याचा ओळखीचा रस्ता झाला. १९९०च्या दशकात ब्रॉड गेज आलं, कोकण रेल्वेही आली, आणि मुंबईकरांना हा घाट जवळजवळ परका झाला.

सरहद्द पुसली गेली तरी घाटाचा दुसरा धनी तसाच आहे, तो म्हणजे पाऊस. जूनपासून इथे कोसळणाऱ्या पावसापुढे पुण्याचा सबंध वर्षाचा पाऊस अगदीच किरकोळ ठरतो. उताराचं सगळं शास्त्र कोरड्या, स्थिर डोंगरावर बेतलेलं असतं, पण पावसाळ्यात डोंगरच हलायला लागतो. जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या पुरामुळे कोकण रेल्वेचा मार्ग बंद पडला, तेव्हा मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी या घाटातून वळवली होती. दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरड कोसळून तिचे पुढचे डबे घसरले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. अशा रात्रींसाठीच घाटात पावसाळी गस्त असते. हातात कंदील किंवा बॅटरी, लाल झेंडा, पिशवीत डेटोनेटर घेऊन गँगमन आपापल्या हद्दीत रुळाकडेने चालत राहतात. रुळावर दगड दिसला तर काही अंतरावर डेटोनेटर रुळाला बांधायचे. चाक त्यावरून गेलं की स्फोटाचा आवाज होतो, आणि धुक्यात काहीच न दिसणाऱ्या चालकाला थांबायचं कळतं. पाच इंजिनांच्या गाडीची सुरक्षितता शेवटी एका भिजलेल्या माणसाच्या चालण्यावर येऊन टेकते.

या मार्गाला दुसरा रूळ जोडायचा, म्हणजे दुहेरीकरण करायचं, असा प्रस्ताव आला तेव्हा गोव्यात मोठं जनआंदोलन उभं राहिलं. एकेरी घाटात गाड्या खोळंबतात हे खरंच आहे, पण दुसरा रूळ जाणार तो अभयारण्यातून. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी रद्द ठरवली. उताराशी रेल्वेने दीडशे वर्षं हिशेब मांडला. जंगलाशी मांडायचा हिशेब वेगळा आहे आणि तो अजून पुरा झालेला नाही.

जायचं असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कॅसलरॉकच्या फलाटावर तिकीट घेऊन हवा तेवढा वेळ उभं राहावं, बँकर सुटताना-लागताना पाहावेत, सिग्नल वाचावेत. पण रुळांवरून चालत दूधसागरला जायचा मोह आवरावा. रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि बोगद्यात समोरून गाडी आली तर कायद्याची पाळीच येत नाही. धबधबा पाहायला पावसाळा संपल्यावर कुळ्याहून वनखात्याच्या परवानगीने जीप जातात. आणि चढत्या गाडीच्या खिडकीतून तो दिसतो तेव्हा बँकरांचा आवाजही जोडीला असतो, तो जीपमधून ऐकू येत नाही.

चढाशी झुंजायच्या तऱ्हा दर पिढीत बदलत गेल्या. बोरघाटात १८६३पासून खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराच्या कडेला वळायला जागाच नव्हती, म्हणून गाडी एका आंधळ्या टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि ती उलट दिशेने पुढे चढायची. १९२९मध्ये नवे बोगदे झाले आणि ते स्टेशनच गेलं. १९०७मध्ये सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीने वेगळाच मार्ग काढला. रूळ अरुंद, डबे चिमुकले, आणि त्यामुळे २०ला १ असा चढ. आता वंदे भारत आली आहे. फेब्रुवारी २०२३पासून ती बोरघाट आणि थळघाट बँकरशिवाय चढते, कारण तिच्यात वेगळं इंजिनच नाही. मोटारी निम्म्या डब्यांखाली वाटलेल्या आहेत, म्हणजे निम्म्या गाडीचं वजन पकडीच्या कामी येतं. बँकर जे मागून करायचे, ते गाडी स्वतःच आतून करते. सगळ्या गाड्या अशा झाल्या, तर कर्जतला, कुळ्याला, कॅसलरॉकला इंजिनं जोडण्या-सोडण्यासाठी थांबायचं कारण उरणार नाही.

चढाचं कोडं म्हणजे असं हळूहळू सुटत चाललं आहे. उताराचं तसं नाही. हजार टन अर्धा किलोमीटर खाली आणताना जिरवायची ऊर्जा १८८८मध्ये जेवढी होती तेवढीच आजही आहे, आणि कितीही नवी गाडी आली तरी घाट उतरताना तिला वेग आवरावाच लागतो. त्यामुळे कॅसलरॉकच्या खाली करंझोळसारख्या ठिकाणी, जिथे कुणी चढत नाही आणि कुणी उतरत नाही, तिथे स्टेशन लागणारच. तिथे प्रत्येक गाडीला आधी एकच गोष्ट सिद्ध करावी लागेल, की तिला थांबता येतं.